अण्णासाहेबांची भिंतीवरची जागा

मीरा रोड, मुंबई
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

ती. भुवनाक्कास,
मल्लेशचे शरणार्थ आणि शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन सोडून कागद हातात घ्यायला दोन कारणं आहेत. तुला फोन केला की अव्वाला ऐकू यावं म्हणून तुझी शिवगंगा स्पीकर लावते, आणि मग मामा काय म्हणाला ते अव्वा सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जातं. दुसरं म्हणजे मालिकेत पुढं काय होणार हे बाहेर फोडायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलंय. मोबाईलवर पाठवलेली गोष्ट तासाभरात भूम-परंड्याला पोचते. कागद पुढं ढकलायचा तर माणसाला जागचं उठावं लागतं, म्हणून कागद बरा.

तर खबर अशी की मी अजून बेशुद्धच आहे. ‘सोनसळी उंबरा’तल्या अण्णासाहेब इनामदारांना दिवाळीत जिन्यावरून पाडलं, तेव्हा दहा भागांत शुद्धीवर आणू असं मला सांगितलं होतं. पण मी पडलो त्याच आठवड्यात आकडे चढले. कुठली मालिका किती घरांनी बघितली याचे आकडे दर गुरुवारी येतात, आणि सेटवरची माणसं देवाला भीत नाहीत इतकी गुरुवारला भितात. आता मी पडून राहण्यातच घराण्याचं हित आहे. मागच्या शुक्रवारी भाग संपताना माझं एक बोट हललं. त्या बोटाचं चित्रीकरण तीन बाजूंनी अर्धा दिवस चाललं होतं. सोमवारी लेखकानं ठरवलं की बोट हललंच नव्हतं, पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलली होती. परवा तर खरोखरच डोळा लागला. मालिकेतली बायको माझ्या छातीवर डोकं ठेवून रडत होती आणि मी घोरलो. तिनं तोंड झाकून हसणं आवरलं, आणि दिग्दर्शकाला तो हुंदका वाटला. तेवढं त्यानं ठेवलं.

हसतोय, पण आतून जीव थाऱ्यावर नाही. आज आकडे घसरले. पुढच्या सोमवारपासून साडेसातची मालिका साडेसहाला येणार. साडेसहाला बघतं कोण? वीस वर्षं मी हवालदार केले, साहेब जीप तयार आहे एवढं सांगून फ्रेमबाहेर गेलो. पहिल्यांदा मला नाव मिळालंय, घराणं मिळालंय, शाल मिळालीय. हे सुटलं तर सेहेचाळिसाव्या वर्षी परत जीप तयार करावी लागेल. अव्वाला यातलं काही सांगू नकोस. ती बघते ना रोज?

दाजींना नमस्कार, शिवगंगेला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे, मालिकेसारखी तिची वेळ बदलू नकोस.

तुझा,
मल्लेश


सास्तूर, ता. लोहारा
२६ जानेवारी

चि. मल्लेशला,
भुवनाक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पाकीट पोस्टमननं साऱ्या गल्लीला दाखवत आणलं. हातानं लिहिलेलं म्हटल्यावर काहीतरी झालंच असणार म्हणून तिघीजणी माझ्या मागनं आत आल्या. भूकंपानंतरच्या या नव्या गावात सरकारनं गल्ल्या पट्टीनं आखल्यात, बातमीला कुठं वळसाच पडत न्हाय. त्यांना मी सांगितलं की मल्लेशनं पाककृती विचारलीय. मल्लेशच्या बायकोला स्वयंपाक येत नाही असं आता गावात झालं असंल, शिवरंजनीची माफी माग.

साडेसहा ही दुधाची वेळ आहे, हे तुमच्या त्या साहेबांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. निम्म्या बाया डेअरीच्या रांगेत असतात. तरी तुझ्यासाठी तुझे दाजी बरोबर साडेसहाला गिरणी बंद करतात. दळण घेऊन आलेली माणसं आधी कुरकुरली, आता तीपण आत येऊन बसतात. परवा एक म्हातारा पिठानं माखलेला, अण्णासाहेबाच्या सुनेला शिव्या घालत होता. दळण विसरून गेला.

अव्वा रोज बघते. तिचं म्हणणं एवढंच की उशी लई ठेंगणी आहे, पोराची मान आखडल, त्यांना म्हणावं जरा उंच द्या. आणि काम करायचा पगार घेऊन नुसतं झोपतंय, अगदी बापावर गेलंय. असं म्हणते खरं, पण माझं लक्ष असतं तिच्यावर. तू जिन्यावरून पडलास त्या दिवशी ती जेवली नव्हती. ताट तसंच सारलं. मी विचारलं तर भिंतीकडं तोंड करून निजली. अठ्ठ्याहत्तर वय आहे, तुम्हा नाटकवाल्यांना काय त्याचं. तेव्हा आता तरी लवकर ऊठ. बोट राहू दे, सगळाच ऊठ.

हुरड्याला ये म्हटलं असतं, पण बेशुद्ध माणसाला रजा मिळत नसंल. जपून रहा. आठवण आली तर लिही, न आली तरी लिही.

तुझी,
अक्का


मीरा रोड
गुरुवार, १७ एप्रिल

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही, कारण दर आठवड्याला वेगळंच लिहावं लागलं असतं. फेब्रुवारीत समोरच्या वाहिनीची मालिका सत्तराव्या भागाला गुंडाळली. कलाकारांना ते मेकअप उतरवताना कळलं. मार्चमध्ये आमच्या वाहिनीनं आपल्याच मालिकांना बक्षिसं वाटली, त्यात सर्वोत्कृष्ट सासरे म्हणून माझं नाव होतं. चार महिने एक शब्द न बोलता. शिवरंजनीचं म्हणणं, न बोलणारा सासरा हाच सर्वोत्कृष्ट असतो. बक्षीस बोलणाऱ्याला मिळालं. मग क्रिकेट सुरू झालं आणि आकडे असे बसले की वाहिनीचे साहेबच बदलले. नवे साहेब वयानं आपल्या शिवगंगेएवढे असतील. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की उपाय एकच, लीप.

लीप म्हणजे काळाची उडी. एका सोमवारी वीस वर्षं निघून जातात. पोरं मोठी होतात, सुनांच्या सासवा होतात, आणि मधल्या वर्षांत जी माणसं नकोशी झालेली असतात ती भिंतीवर जातात. अक्का, मी भिंतीवर चाललोय.

जुलैत अण्णासाहेब मरणार. आधी चिता, तिचे दोन भाग. मग दिवाणखान्यात माझा मोठा फोटो, त्याला हार, आणि मालिका चालेल तोवर सून रोज त्या फोटोसमोर उभी राहून रडणार. म्हणजे मी प्रत्येक भागात असणार. मी विचारलं, याचं मानधन कसं? व्यवस्थापक म्हणाला की फोटोला पगार नसतो. मात्र चितेचे दोन दिवस मिळतील, आणि साहेब खूश झाले तर त्यांच्या पुढच्या मालिकेत थोरला काका माझा. तो काका जिवंत आहे, शेवटपर्यंत.

म्हणून मी हो म्हणायच्या बेतात आहे. पण अव्वा रोज साडेसहाला समोर बसणार, म्हणून तुला आधी विचारतोय. लवकर कळव.

अस्वस्थ आहे, अक्षर समजून घे.

मल्लेश


सास्तूर
२५ एप्रिल

चि. मल्लेशला आशीर्वाद.

खुशाली बिशाली पुढं. हे करायचं न्हाय.

तुझं पत्र गिरणीत बसून वाचलं, पट्ट्याच्या आवाजात, म्हणजे रडले तरी कुणाला ऐकू जाऊ नये. तू मला काय विचारतोस? आईनं लेकाच्या फोटोला हार बघायचा का, हे विचारायची गोष्ट आहे? आणि एक दिवस न्हाय, रोज! दूध घालून यायचं आणि जित्या लेकाचा हारातला फोटो बघायचा. शिवाय चिता. आपल्यात माणसाला बसवून मूठमाती देतात, जाळत नाहीत, हे तुला मुंबईत जाऊन विसरायला झालं? तू म्हणशील की जळतोय तो इनामदार. मान्य. पण तोंड तुझं आहे.

दाजींना मी सांगितलं. ते म्हणाले की अगं ते नाटक आहे, राजे लोक नाटकात मरतात आणि पडदा पडल्यावर भजी खातात. मी म्हटलं, तुमच्या आईला विचारून या. त्यांची आई वारलेली आहे, मग उठून गिरणीकडं गेले.

अव्वाला मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. सांगायची हिंमतच होत नाही. ती जेवली नव्हती त्या दिवसाची मला अजून आठवण आहे. तिला काही झालं तर तुझा तो थोरला काका काय कामाचा? तुला अव्वाची शपथ आहे, मल्लेश. जीप तयार कर, हवालदार हो, काही हो. पण मरू नकोस. बदली माणूस मिळत असंल तर त्यांना तो घेऊ दे. मुंबईत मरायला माणसं कमी आहेत का?

उत्तर एका ओळीचं चालेल.

अक्का


मीरा रोड
गुरुवार, १२ जून

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

ओळ ही घे: मी मरणार नाही.

आता बाकीचं. साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते मुळीच चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले की ठीक आहे. एकानं सुचवलं की संगणकावर माझं तोंड तयार करून ते दुसऱ्याच्या धडावर बसवता येईल. त्यावर लेखक म्हणाला की खर्च कशाला, पट्ट्या बांधू. तेव्हा तू पुढच्या आठवड्यात बघशीलच. बेशुद्ध अण्णासाहेब पुन्हा खाटेवरून पडतील, तोंडाला पट्ट्या बांधतील, आणि पट्ट्या सुटतील तेव्हा तोंड दुसऱ्याचं असेल. आठ महिने उशाशी बसलेल्या बायकोला त्याचं काही वाटणार नाही. ती नुसती देवाचे आभार मानेल.

मला जाताना एकच काम सांगितलं. माझ्याच बांध्याचा, आपल्याकडचा हेल असणारा, लगेच मोकळा असलेला माणूस सुचवा म्हणाले. सुचवला. माणूस चांगला आहे.

शाल परत केली. पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या वाहिनीवर एका गुन्ह्याच्या मालिकेत फौजदार आहे. हवालदाराचा फौजदार झालो, याला बढती म्हण. शिवरंजनीच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडतंय.

अव्वा सुखात बघू दे. लोभ आहेच, तो उतू जाऊ नये एवढं बघ.

मल्लेश


सास्तूर
३ ऑगस्ट

चि. मल्लेशला आशीर्वाद वि. वि.

बस आणि मग वाच.

चितेचे दोन्ही भाग झाले. घरात गल्ली जमली होती. मी मोठ्या तोऱ्यात अव्वाजवळ बसले होते, मनात म्हणत की बघ, माझ्या हुशारीनं तुझा लेक वाचवला. तेवढ्यात त्या भिंतीवरच्या फोटोवर कॅमेरा गेला. हार घातला, उदबत्ती लावली. अव्वा पुढं सरकली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, हा ईट गावचा रामहरी न्हव का?

मला काय ठाऊक! पट्ट्या सुटल्यापासून मी त्या तोंडाकडं नीट बघितलंच नव्हतं, तू नाहीस एवढंच बघत होते; अव्वाला मेकअपनं तोंड बदललंय असं सांगून ठेवलं होतं. तिनं मात्र सगळं काढलं. तुझ्याबरोबर धाराशिवला नाटकाच्या स्पर्धेत होता, आपल्याकडं आठ दिवस राहिला होता, धपाटं तोंडात असताना अजून एक मागायचा तो. मग तिनं मला विचारलं की मल्लेश कुठं गेला आणि हा इथं कसा आला. साऱ्या गल्लीसमोर. मी सांगून टाकलं. सगळं, माझ्या शपथेसकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पदर नीट केला आणि म्हणाली की माझ्या नावावर तुम्ही दोघांनी हे केलं, तर मला एकदा विचारायचं तरी. मी म्हटलं, तू पडल्या दिवशी जेवली नव्हतीस. ती म्हणाली की दाढ दुखत होती. दाढ, मल्लेश! नऊ महिने मी त्या ताटाचं ओझं वागवलं आणि त्यात दाढ निघाली.

मग जे म्हणाली ते तसंच लिहिते. म्हणाली की नाटक आहे हे मला कळत होतं, तो हार मी सहज बघितला असता. पण तुम्हाला तो अशुभ वाटला. मग अशुभ नव्हता तर सोडला कशाला, आणि अशुभ होता तर दुसऱ्याच्या लेकाच्या गळ्यात घातला कशाला? त्याला आई न्हाय का?

दाजींनीसुद्धा त्या दिवशी गिरणी परत सुरू केली न्हाय. अव्वानं उठून टीव्ही बंद केला, तो बंदच आहे. मला एवढं सांग, रामहरीचं नाव तूच दिलंस ना?

अक्का


मीरा रोड
गुरुवार, १४ ऑगस्ट

ती. अक्कास,

मीच दिलं. पहिलं तेच आठवलं.

त्याला फोन केला तेव्हा मी सांगितलं की दीड महिन्याचं काम आहे, आडवं पडायचं आहे, शेवटी चिता आहे, हार आहे. मी का सोडलं ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. नुसतं म्हणाला की मल्ल्या, येतो, कधी येऊ. तेव्हापासून गुरुवार आला की आकड्यांच्या आधी मला त्याचाच आवाज येतो. तो मला रोज सकाळी नमस्काराचं चित्र पाठवतो. मी उत्तर देत नाही.

अव्वाला काय सांगू, तूच सांग.

मल्लेश


सास्तूर
२ सप्टेंबर

हरणाबाईंना, मु. पो. ईट, ता. भूम,
सास्तूरच्या शिवम्माचे शरणार्थ.

लिहिणारी माझी लेक भुवनेश्वरी आहे, सांगणारी मी. तिनं गोड करून लिहू नये म्हणून प्रत्येक ओळ परत वाचून घेतेय.

तुमचा रामहरी माझ्या घरी आठ दिवस जेवलाय, म्हणून ओळख नसताना लिहिते. टीव्हीवर त्याच्या फोटोला हार घातलेला तुम्ही बघितला असंल. तो हार माझ्या मल्लेशचा होता. माझ्या लेकीला त्याची भीती वाटली, तिनं माझं नाव पुढं केलं, लेकानं ऐकलं आणि तुमच्या लेकाला जागेवर उभं केलं. त्याला कारणही सांगितलं न्हाय. मला कुणी विचारलं नव्हतं, पण नाव माझं वापरलं म्हणून बोलणं मला आलं.

अशुभ बिशुभ मी मानत न्हाय. पण तुम्ही मानत असाल आणि तुमच्या जिवाला घोर लागला असंल तर तो मी लावला असं धरा. मल्लेशला मी सांगितलंय की रामहरीच्या घरी जा आणि तोंडानं सांग. तो गेला की कळेल.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवतेय, आठ दिवस टिकते. रामहरी बरा आहे एवढं दोन अक्षरं लिहून पाठवा. तुमचा कागद येईपर्यंत आमच्या घरचा टीव्ही बंद ठेवलाय. गल्लीतल्या बाया चिडल्यात, चिडू देत.

आपुलकी नव्यानं मागते, नाही म्हणू नका.

शिवम्मा


ईट, ता. भूम
१८ सप्टेंबर

शिवम्मा आक्कांना,
हरणाबाईचा रामराम.

माझी नात ज्ञानेश्वरी लिहितेय, ती अकरावीला आहे. तुमचा डबा पोचला. चटणी लई झणझणीत होती, संपली.

तुम्ही एवढं मनाला लावून घेतलंय हे वाचून मला कसंतरीच झालं. आक्का, आमच्यात जाळतातच, त्याचं काही न्हाय. आणि रामहरी चौदा महिने मुंबईत घरी बसून होता. फोनवर म्हणायचा की शूटिंग जोरात चाललंय. मेंढरं राखून आमचा जन्म गेला, गळ्यातली घंटी वाजते ती जित्राब चालतंय म्हणून की नुसती मान हलवतंय म्हणून, एवढं मला कळतं. मे महिन्यात फोन आला तेव्हा पोरगं रडत होतं. म्हणालं, आई, मरायचं काम मिळालंय. त्याचा आवाज ऐकून मला बरं वाटलं, काय सांगू. चिता दाखवली त्या दिवशी मी पेढे वाटले. सरपंचबाई म्हणाल्या की हरणाबाई, असल्या वेळी पेढे वाटत नसतात. मी म्हटलं, तुमचं पोरगं टीव्हीवर मरल तेव्हा तुम्ही वाटू नका.

मल्लेश येऊन गेला. रामहरीनं कळवलं की दाराशी उभा राहून अर्धा तास रडला, मग दोघांनी मिळून भजी केली. त्याला आता तुम्ही बोलू नका. त्याच्यामुळं माझं लेकरू कामाला लागलं. मरताना बघून आणखी दोघांनी त्याला बोलावलंय म्हणे, एका ठिकाणी तर बोलायचं पण आहे.

दोन वर्षांत तो गावाकडं आलेला न्हाय. आता साडेसहाला शेजारी जाऊन बसते. सून रडत असते, तिचं मी ऐकत न्हाय. तिच्या डोक्याच्या वर बघत बसते. फोटो हसरा काढलाय.

तर आक्का, तुमच्या घरचा टीव्ही बंद आहे असं तुम्ही लिहिलंय, तो आजच्या आज लावा. रामहरी सांगतो की बघणारी घरं कमी झाली की मालिका बंद पाडतात. आणि मालिका बंद पडली तर पोरगं भिंतीवरूनपण उतरल.

गल्लीतल्या बायांनाही बोलवा.

तुमची,
हरणाबाई